लॉकडाऊनमध्ये लेकरांचा दवाखाना का लांबला? (मराठवाड्यातले अनुभव लिहा)

मोंढा_नाका
४ डिसेंबर २०२२, रात्री ९:५०

महिनाभर झाला, मुंबईत गोवंडीकडं, भिवंडीत, मालेगावात गोवरानं लेकरं दगावल्याच्या बातम्या चालू आहेत. टीव्हीवरच्या प्रत्येक चर्चेचं पालुपद एकच, लोक अडाणी आहेत, लस घेत नाहीत. माझं परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, मोंढ्याला लागून मेडिकल आहे. २०२० चं अख्खं साल मी काउंटरच्या आतून बघितलंय, म्हणून हे पालुपद मला पटत नाही.

मार्चअखेरीस एसटी बंद झाली, रेल्वे त्याच्याही आधी. काळी-पिवळी, टमटम सगळं बंद. आता आमच्या भागात लेकरांचा डॉक्टर असतो तालुक्याला, अन् जरा मोठं काही निघालं की परभणी, नाहीतर नांदेड, नाहीतर थेट घाटी, म्हणजे संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय. खेड्यातला माणूस आजारी लेकरू घेऊन स्वतंत्र निघतच नाही. बाजाराच्या दिवशी यायचं, बी-बियाणं बघायचं, माळवं विकायचं, त्यातच लेकराला दाखवायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आठवडी बाजार बंद म्हटल्यावर निम्म्या लेकरांची ओपीडी बंद, ही गोष्ट कोणत्याही आदेशात लिहिलेली नव्हती.

दुसरी गोष्ट औषधांची. तापाचं, खोकल्याचं औषध घ्यायला येईल त्याचं नाव, गाव, मोबाईल वहीत लिहून ठेवा, असं आम्हाला सांगितलेलं. हेतू वाईट नव्हता. पण आठ दिवसांत ते गावोगाव पसरलं. मग बाया येऊन काय मागायच्या? "दात येताना देतात ते द्या." "अंग दुखायचं द्या, लहान मापाचं." एकीनं तर स्वतःसाठी म्हणून पॅरासिटामॉलची पट्टी घेतली आणि जाता जाता विचारलं, पावशेर पाण्यात किती विरघळवायची. दीड वर्षाच्या पोरासाठी होती. तिला बसवून सिरप दिलं, वजनावरून माप सांगितलं. वहीत काय लिहिलं ते इथं लिहीत नाही.

तिसरी, जूनमधली. पेरणीचे दिवस, विंचवाचे दिवस. लाल विंचू चावलेल्या लेकराला प्राझोसिन लागतं, ही स्वस्तातली गोळी आहे. ती विंचवावर चालते हे जगाला दाखवून दिलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, जे मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. आणि त्याच मराठवाड्यात माझ्याकडं साधी गोळी संपलेली. माल यायचा तो तुटक यायचा. शिल्लक होती ती बीपीवाल्यांची, हळूहळू विरघळणारी. ती मोडून लेकराला देता येत नाही. रात्री अकराला शटर वाजवलेल्या बापाला मी ती दिली नाही, दुसऱ्या मेडिकलवाल्याला उठवून साधी काढली. पोरगं वाचलं. पण चावल्यापासून चौथ्या-पाचव्या तासाला ते माझ्या दारात होतं, आणि विंचवात हे तासच महत्त्वाचे.

तर माझं म्हणणं असं की भीती होती, नाही कोण म्हणतं, पण भीतीच्या आधी रस्ता तुटला होता. बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील. आईबाप, नर्सबाई, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा.

---

बिनधास्त_बोल
४ डिसेंबर, रात्री १०:२५

धागा चांगला आहे पण रस्त्यावर सगळं ढकलू नका. आमच्या गावात त्याच मे महिन्यात पन्नास माणसांच्या परवानगीत तीनशे माणसांची लग्नं लागली. तेव्हा गाड्या कुठून आल्या? लेकराला न्यायची वेळ आली की रस्ता बंद. खरं कारण, तपासणीला नेलं तर सगळ्या घराला उचलून नेतील, चौदा दिवस शाळेत कोंडतील, दारावर पट्टी लावतील आणि गाव वाळीत टाकेल. बाकी सगळी सबब.

---

धारूरची_बाई
४ डिसेंबर, रात्री ११:०५

@बिनधास्त_बोल, तीनशे माणसांच्या लग्नात गाडी लग्नवाल्याची असते. ज्याच्याकडे सायकलही नाही त्याचं बोला.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, बीड जिल्ह्यात. आमच्या गावातली अर्ध्याहून जास्त घरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. लॉकडाऊन लागला तेव्हा ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांवर अडकलेली. १७ एप्रिल २०२० ला सरकारनं परत यायची परवानगी दिली, तेव्हा ३८ कारखान्यांवर मिळून सव्वा लाखावर मजूर होते. ते ट्रकनं, ट्रॅक्टरनं आले आणि गावाच्या वेशीवर थांबवले गेले. कुणाला शेतात झाप घालून ठेवलं, कुणाला आमच्याच शाळेत. मास्तरांची ड्युटी तिथंच होती म्हणून मला हे जवळून माहीत.

या लेकरांचं लसीकरण एरवीच धरसोडीचं. दिवाळीनंतर घर सुटतं, ते उन्हाळ्यापर्यंत. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, जन्मलेल्या बाळाला कार्ड मिळतं कुणाकडून? गावची आशाताई म्हणते माझ्या यादीत नाही, कारखान्याकडची म्हणते हे इथले नाहीत. दरवर्षी गावी परतल्यावर मे-जूनमध्ये ती भरपाई व्हायची. त्या वर्षी भरपाईचे महिनेच विलगीकरणात गेले, आणि पुढं सत्रंच बंद होती.

पाचवीच्या वर्गात तीन कुटुंबं ठेवलेली. त्यात एक अकरा महिन्यांची पोरगी, जुलाब लागलेले. एप्रिलचं ऊन, वर पत्रे. नर्सबाई आल्या, खिडकीच्या गजातून ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या आत दिल्या, "चौदा दिवस द्यायच्या, मधे सोडायच्या नाहीत" असं मोठ्यानं सांगितलं आणि पुढच्या गावाला गेल्या. त्यांनाही आत यायची मुभा नव्हती. आईनं पाणी मोजायला काय घ्यावं? तिच्याकडं एकच तांब्या, त्यात तिघी-चौघी प्यायच्या. मी फळ्यावरच्या लिटरच्या मापाचं चित्र दाखवलं, मग घरून पाण्याची लिटरची रिकामी बाटली नेऊन दिली. पोरीची टाळू खोल गेली होती, रडताना डोळ्यात पाणी येईना. १०८ ला फोन लावला, गाडी कोविडच्या पेशंटला गेलेली. संध्याकाळी सरपंचाच्या बोलेरोतून अंबाजोगाईला नेलं.

इथं भीती कुणाची होती सांगा. आई तर दारापर्यंत येऊन ओरडत होती.

---

बिनधास्त_बोल
४ डिसेंबर, रात्री ११:२०

पोरगी बरी झाली का?

---

धारूरची_बाई
४ डिसेंबर, रात्री ११:२४

झाली. आता बालवाडीत आहे, भयंकर भांडकुदळ.

---

रेसिडेंट_वॉर्ड
५ डिसेंबर, पहाटे १:४०

नाइटला आहे, जरा निवांत आहे म्हणून लिहितो. तेव्हा मराठवाड्यातल्याच एका सरकारी मेडिकल कॉलेजला बालरोगात एमडी करत होतो. कॉलेजचं नाव नको.

भीती की रस्ता, हा वाद बाहेरही झालाय. इटलीत अगदी सुरुवातीला, २३ ते २७ मार्च २०२० या एका आठवड्यात, पाच रुग्णालयांनी उशिरा आणलेल्या १२ लेकरांची नोंद केली. लॅन्सेटच्या बालआरोग्याच्या नियतकालिकात ती छापून आली. निम्मी आयसीयूत गेली, चार दगावली. इमर्जन्सीत येणारी लेकरं आदल्या वर्षांच्या तुलनेत ७३ ते ८८ टक्क्यांनी कमी झालेली. आईबापांनी संसर्गाची भीती सांगितली हे खरं, पण त्यातल्या काहींनी आधी फोनही केले होते. पलीकडून कुणी भेटलं नाही, किंवा येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. हे इटलीचं, जिथं घरटी गाडी आहे. तेव्हा @मोंढा_नाका, एसटी चालू असती तरी सगळं सुरळीत झालं असतं असं नाही. तुमच्या रस्त्याच्या टोकाला आमचं दार होतं, आणि तेही नीट उघडं नव्हतं.

आमच्याकडं ताप, खोकला किंवा धाप, तिन्हीतलं एक असलं की लेकरू आधी 'सारी'च्या, म्हणजे श्वसनाच्या तीव्र आजाराच्या वॉर्डात. स्वॅब घ्यायचा, रिपोर्ट येईपर्यंत तिथंच. सुरुवातीला रिपोर्टला दीड-दोन दिवस सहज जायचे. नऊ वर्षांची एक मुलगी हिंगोलीकडून आली. धाप लागलेली, पोटात दुखतंय, उलट्या. कोविड संशयित म्हणून सारीत. पीपीई घालून राउंडला गेलेल्या आमच्या सीनियरनं तिच्या आजीला विचारलं, पाणी किती पिते? आजी म्हणाली, "महिन्याभरापासून हंड्याला तोंड लावूनच बसलीय, अन् रात्री अंथरूण ओलं करायलीय, एवढी मोठी घोडी." बोटाला सुई टोचून साखर बघितली तर मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय'. टाइप वन डायबेटिस, रक्तात आम्ल वाढलेलं. ती धाप फुप्फुसाची नव्हतीच. शरीर आम्ल बाहेर टाकायला खोल श्वास घेत होतं.

हेही एकट्या हिंगोलीचं दुखणं नाही. जर्मनीत मार्च ते मे २०२० मध्ये नव्यानं टाइप वन निघालेल्या मुलांपैकी जवळजवळ ४५ टक्के मुलं अशा आम्लाच्या अवस्थेत पोचली. आदल्या वर्षी त्याच महिन्यांत हे प्रमाण साधारण २४-२५ टक्के होतं. पाण्याच्या तहानेचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष तापावर.

ती मुलगी वाचली. पण डिस्चार्जनंतर तिच्या घरी फ्रिज नव्हता, त्याची गोष्ट वेगळी. आम्ही सांगितलं, मातीच्या मडक्यात वाळू-पाणी घालून आत छोटं मडकं, त्यात इन्सुलिनची बाटली, वर ओलं फडकं, सावलीत. मे महिन्यात हिंगोलीत हेच चालतं. आणि बाटली आणायची कुठून? जिल्ह्याच्या ठिकाणावरून. पुन्हा तुमचा रस्ता आलाच.

---

मोंढा_नाका
५ डिसेंबर, सकाळी ७:१५

डॉक्टर, दार अर्धं बंद होतं हे मान्य. पण ते तुमच्यापर्यंत पोचलेल्या लेकरांचं झालं. वॉर्ड रिकामे दिसले तेव्हा "लेकरं आजारीच पडत नाहीयेत, शाळा बंद आहेत, धूळ नाही" असं म्हणणारे तुमच्यातलेच काही डॉक्टर मी ऐकलेत. काही अंशी ते खरंही असेल, आमच्याकडं सर्दी-खोकल्याच्या सिरपचा खप पडला होता. पण फिट्सच्या औषधाचा का पडावा? फिट येणारी लेकरं शाळा बंद झाली म्हणून बरी होत नाहीत. सोडियम व्हॅल्प्रोएट दर महिन्याला नेणारी ठरलेली घरं असतात. त्यातली कितीतरी आलीच नाहीत. जूनमध्ये मी उधारीची वही काढून फोन लावले. एकानं सांगितलं, अर्धी अर्धी देतोय, पुरवून पुरवून.

---

रेसिडेंट_वॉर्ड
५ डिसेंबर, सकाळी ७:३२

अर्धा डोस म्हणजे फिट बोलावून घेणंच. हो, अशी आली आमच्याकडे.

---

बी_पॉझिटिव्ह_बाप
५ डिसेंबर, दुपारी २:१०

मी लिहीत नसतो, वाचतो फक्त. पण रस्ता विषय निघाला म्हणून.

आम्ही जालना जिल्ह्यातले, घनसावंगी तालुका. मुलगा थॅलेसेमिया मेजर. तेव्हा सात वर्षांचा. दर तीन आठवड्यांनी रक्त. रक्त मोफत मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. जायचो संभाजीनगरला, पहाटेच्या एसटीनं, रात्री परत.

लॉकडाऊन लागला. पहिल्यांदा पास. अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडा म्हणाले. दाखला देणारा डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात, जिथं जायलाच पास पाहिजे. शेवटी गावच्या एका बीएएमएस डॉक्टरनी लेटरहेडवर लिहून दिलं.

मग रक्त. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, पेढीत साठाच नाही. डोनर घेऊन या म्हणाले. मोटरसायकलवर एकालाच परवानगी. मी, पोरगा आणि डोनर, तिघं कसे जाणार? डोनर माझा चुलतभाऊ, तो शेतरस्त्यानं वेगळ्या गाडीवर निघाला, नाक्यावर अडकला. त्याच्या हातात पोरगं नव्हतं ना. माझ्याजवळ फाईल होती, माझं ऐकलं. तो म्हणतोय मी रक्त द्यायला चाललो, हवालदार म्हणतोय सगळे हेच सांगतात.

ते दिवस लांबले. हिमोग्लोबिन नऊच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. पाचवर आलं. कसं कळलं सांगू? भाकरी खाता खाता थांबायचा. घास तोंडात तसाच. आई म्हणायची चाव ना. तर म्हणायचा, थांब, दम लागला. चावायचा दम लागायचा त्याला.

मग भाड्यानं गाडी केली. साडेतीन हजार. पुढच्या वेळी पण. बायकोच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या.

लोहाच्या गोळ्या म्हणजे सारखं रक्त चढवून अंगात साठलेलं लोह काढायच्या, त्या पण दोन महिने मिळाल्या नाहीत.

---

खाकीतला
५ डिसेंबर, रात्री ८:००

वरचं वाचून गप्प बसवत नाही. मी तेव्हा जिल्ह्याच्या सीमेवरच्या नाक्यावर होतो. हा नाका नव्हता, पण फरक काय.

आम्हाला तोंडी सूचना होती, मेडिकल असेल तर सोडा. पण मेडिकल म्हणजे काय ते कुणी लिहून दिलं नव्हतं. दिवसभरात एकच प्रिस्क्रिप्शन झेरॉक्स काढून चार गाड्यांनी दाखवलेलं मी पकडलंय. अँब्युलन्समध्ये झोपवून आणलेले धडधाकट पेशंट पकडलेत. म्हणून मग खऱ्या माणसाला पण उन्हात उभं राहून पटवून द्यावं लागायचं. लेकरू बरोबर असलं की बहुतेक सगळे सोडायचो. रक्तदात्याचं तुम्ही लिहिलं तसं डोक्यातच आलं नसतं, खरं सांगतो. रक्तपेढीनं दात्याच्या नावाचा मेसेज मोबाईलवर पाठवला असता तरी काम भागलं असतं. कुणाला सुचलं नाही.

---

कर्वे_रोड
५ डिसेंबर, रात्री ९:१२

पुण्यातून लिहितोय, गैरसमज नको. ई-संजीवनी एप्रिल २०२० मध्येच सुरू झाली होती ना? घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टर, तेही मोफत. माझ्या भाचीला आम्ही पूर्ण लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवरच दाखवलं. मराठवाड्यात याचा वापर का झाला नाही?

---

धारूरची_बाई
५ डिसेंबर, रात्री ९:३०

गैरसमज नाही. आमच्या वस्तीवर ऑनलाइन शाळेसाठी पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, रेंज तिथंच. टाकीवर तापलेलं लेकरू न्यायचं का?

---

रेसिडेंट_वॉर्ड
५ डिसेंबर, रात्री ९:५०

@कर्वे_रोड, पुरळ, शी, जखम बघायला फोन बरा. न्यूमोनियात लेकराच्या बरगड्या किती आत ओढल्या जातायत, मिनिटाला श्वास किती, हे हलणाऱ्या धूसर चित्रात कळत नाही. पोटाला हात लावावा लागतो. परभणीहून एक अपेंडिक्स असंच आलेलं, फोनवर गॅसची गोळी, मग पोटदुखी थांबली म्हणून घरच्यांना आनंद. थांबली कारण फुटलं होतं. दोन दिवसांनी पू सगळ्या पोटात.

---

संचालक
५ डिसेंबर, रात्री १०:३०

पुणे विरुद्ध मराठवाडा सुरू झालेले सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.

---

पथक_दोन
६ डिसेंबर, सकाळी ११:०५

अजून कुणी आरबीएसकेचा विषय काढला नाही म्हणून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून चालू. एक पुरुष डॉक्टर, एक महिला डॉक्टर, औषधनिर्माता, नर्स आणि एक गाडी. अंगणवाड्या आणि शाळा फिरून जन्मजात व्यंग, हृदयाचे आजार, वाढीत मागं राहणं, असं सगळं शोधायचं आणि पुढं पाठवायचं. मी त्यातला बीएएमएस डॉक्टर. अंगणवाड्या बंद, शाळा बंद, म्हणजे आमचं शोधायचं ठिकाणच गेलं. आम्हाला लावलं नाक्यांवर थर्मल गन घेऊन, नंतर कोविड सेंटरला.

हृदयाला छिद्र असलेली लेकरं एरवी आम्हीच गोळा करून टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) शिबिराला न्यायचो, तिथून ऑपरेशनला मोठ्या शहरात, पैसे योजनेतून. मे २०२० मध्ये महात्मा फुले योजना सगळ्या रेशनकार्डांना खुली केली, चांगलं केलं, पण शिबिरंच बंद. छिद्र मोठं असेल तर थांबायला वेळ नसतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर सर्जनच म्हणतो, आता छिद्र बुजवलं तर उलट जिवावर बेतेल. आधी जमलं असतं अशी लेकरं या टप्प्याला गेलेली मला माहीत आहेत. त्यांची कुठल्याच कोविडच्या यादीत नोंद नाही.

वाकड्या पायांचं तसंच. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करत आणायचा असतो. मधेच प्लास्टर घरी पाण्यात भिजवून काढलं, पुढचं घालायला जाता आलं नाही, की पाय परत फिरतो. नंतर पहिल्यापासून सुरुवात. तोवर बाळ रांगायला लागलेलं, ते काय पाय धरू देतंय!

---

आशा_सातवी_पास
६ डिसेंबर, रात्री ९:४५

मी आशा आहे, नांदेड जिल्हा. लिहिण्यात चुका झाल्या तर समजून घ्या, फोनवर लिहायलेय.

लोक लस घेत नाहीत म्हणतात ते ऐकून राग येतो. आमच्या गावात लसीच्या दिवशी सासवाच नातू काखेत मारून आधी नंबर लावायच्या. त्याच सासवा गोवराला देवी म्हणतात, कडुलिंबाचा पाला टांगतात, फोडणी देत नाहीत घरात. दोन्ही एकाच बाईत असतंय. त्यात अडाणीपण काढायचं काम नाही. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, बाई ओळखीची, म्हणून यायच्या.

२०२० मध्ये काय झालं ते सांगते. एप्रिलमध्ये गावातली सत्रं थांबली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिथंच लस देणं चालू होतं, पण दीड महिन्याची, अडीच महिन्याची, साडेतीन महिन्याची राहिली. नऊ महिन्याची गोवराची राहिली. मग मेच्या पुढं हळूहळू चालू करा म्हणाले, पण ज्या गावात पेशंट निघाला तिथं नाही, शेजारी पण नाही, क्षेत्र मोकळं झालं की अजून चौदा दिवस थांबायचं. एक गाव मोकळं झालं की दुसऱ्यात पेशंट. आमच्या उपकेंद्राची पाच गावं, पाळीपाळीनं बंद.

आणि मला वेळ कुठं होता? मुंबई-पुण्याहून कोण आलं त्याची यादी, रोज त्यांच्या दारात जाऊन ताप बघायचा. सप्टेंबरात माझे कुटुंब माझी जबाबदारी, घरोघर ऑक्सिमीटर. आधी ज्या घरात चहा मिळायचा तिथं कुत्रं सोडायले. मी आले म्हणजे कुणाला तरी उचलणार. मग त्याच घरात जाऊन बाळाचं कार्ड दाखवा म्हटलं तर कोण दाखवेल? लसीची भीती नव्हती, माझी भीती बसली. @बिनधास्त_बोल दादा, तुमचं तेवढं खरं आहे. पण ती भीती लोकांच्या डोक्यात आपोआप उगवली नाही. माझ्या हातात यादी देऊन पाठवलं म्हणून बसली.

अंगणवाडीत वजन नाही. ताईनं आहार घरपोच दिला, तो सगळ्या घरानं खाल्ला, त्यात नवल काय, कामं बंद होती. कोणतं लेकरू वाळायलंय ते दंडाची पट्टी लावल्याशिवाय कळत नाही, अन् हात लावायची बंदी.

---

बिनधास्त_बोल
६ डिसेंबर, रात्री १०:१०

ताई, हे पटलं. कुत्रं सोडणाऱ्यांत आमचा वाडा नसावा एवढीच इच्छा.

---

रेसिडेंट_वॉर्ड
७ डिसेंबर, सकाळी ६:२०

आशाताईंच्या पोस्टला आकड्याची जोड देतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार भारतात त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची लस) तिसरा डोस मिळालेली बालकं २०१९ मध्ये ९१ टक्के होती, २०२० मध्ये ८५ टक्के झाली. सहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. भारतात वर्षाला दोन कोटींवर जन्म होतात, त्याचे सहा टक्के काढा. आणि ही सहा टक्के सगळीकडं सारखी पसरलेली नसतात. ती कोपीत, वीटभट्टीवर, झोपडपट्टीत, एका जागी गोळा झालेली असतात. गोवर नेमका अशाच जागी शिरतो, कारण त्याच्याइतका चटकन पसरणारा आजार विरळा. राहिलेल्यांना गाठायला २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंद्रधनुष्य या लसीकरण मोहिमेची फेरी झाली, आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट. त्या लाटेनंतर आमच्या वॉर्डात ताप, लाल डोळे, पुरळ घेऊन लेकरं आली, ती कोविडनंतरच्या दाहाची, एमआयएससीची. आता तसंच लेकरू आलं की गोवर आधी आठवावा लागतो.

---

मोंढा_नाका
७ डिसेंबर, सकाळी ८:४०

आशाताई, कुत्र्याचं वाचून माझी तापाची वही आठवली. दोन्हीकडं एकच झालं की. जिथं लोक विश्वासानं यायचे त्याच जागेला चौकी केलं. मी रस्त्यावर जोर दिला होता, तो आहेच, पण काउंटरपर्यंत पोचलेली बाईसुद्धा खोटं बोलत होती हे मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय आणि तिथं नीट थांबलो नाही. पुढच्या वेळी असा काही साथरोग आला तर यादी करायचं काम आशा आणि मेडिकलवाल्याकडं देऊ नका, त्यासाठी दुसरी माणसं नेमा, एवढी एक मागणी कलेक्टर हापिसात द्यायला हरकत नाही. आणि एसटी पूर्ण बंद करायची वेळ आलीच तर तालुका ते जिल्हा दवाखाना अशी सकाळ-संध्याकाळ एक गाडी तरी चालू ठेवा. मजूर पोचवायला बस सोडता आल्या, मग लेकरांना का नाही?

---

खाकीतला
७ डिसेंबर, सकाळी ९:०५

त्या गाडीला नाक्यावर कुणी अडवलं नसतं. सरकारी बस बघून आम्हाला पण बरं वाटलं असतं.

---

गंगाखेडची_सून
७ डिसेंबर, दुपारी ३:३०

मधेच विचारतेय, माफ करा. माझा मुलगा फेब्रुवारी २०२० चा. पेंटाचे (पाच रोगांवरची एकत्र लस) दोनच डोस झालेत. गोवर-रुबेलाचा एक झाला, सव्वा वर्षाचा असताना. दीड वर्षाचे काहीच नाही. आता पावणेतीन वर्षांचा आहे. आता देतात का? की वय निघून गेलं? सासरे म्हणतात आता काही उपयोग नाही.

---

आशा_सातवी_पास
७ डिसेंबर, दुपारी ४:००

वय निघून नाही गेलं ताई. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देतात, दुसरा डोस लगेच घ्या. पोलिओ पण पाचपर्यंत. जीवनसत्त्व अ चं पण विचारा. पेंटाचं डॉक्टर नीट सांगतील.

---

रेसिडेंट_वॉर्ड
७ डिसेंबर, दुपारी ४:४५

वर्षाच्या आत पेंटाचा एक तरी डोस झाला असेल तर राहिलेला तिसरा पेंटाच देतात, पहिल्यापासून सुरू करत नाहीत. तिसऱ्यानंतर किमान सहा महिन्यांनी त्रिगुणीचा बूस्टर, तो सात वर्षांपर्यंत देता येतो. एका दिवशी वेगवेगळ्या जागी दोन सुया दिल्या तरी चालतात, घाबरू नका.

---

गंगाखेडची_सून
७ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

कार्ड सापडत नाही. घर बदललं तेव्हा गेलं. कार्डाशिवाय परत पाठवतील का?

---

आशा_सातवी_पास
७ डिसेंबर, संध्याकाळी ५:२२

नाही पाठवत. जिथं आधी दिली त्या उपकेंद्राच्या रजिस्टरात नाव असतंय, बाळाच्या आईच्या नावानं शोधायला सांगा, बाळाचं तेव्हा नाव ठेवलेलं नसतंय. नाहीच सापडलं तर नवीन कार्ड करतात. अन् जाताना सासऱ्यांना पण सोबत न्या.